भौतिकशास्त्राचे दोन गुण

प्रश्न : मॅडम, मी हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातली. अकरावी-बारावीला लातूरला होते, नंतर एक वर्ष तिथंच रिपीटर बॅच केली. नीटला पहिल्या वेळी 371 गुण होते, यंदा 412 आहेत. जीवशास्त्र 250, रसायन 95, भौतिक 67. (पहिल्या वेळी 222, 84, 65 होते.) रँक सुधारली, पण गेल्या वर्षीच्या यादीत सरकारी एमबीबीएसला लागलेली आमच्या प्रवर्गातली शेवटची मुलगीसुद्धा माझ्या खूप पुढं आहे. खासगीत शेवटच्या फेरीपर्यंत लागेल न लागेल, असं सर म्हणतात. आमचं प्रमाणपत्र ओबीसीचं आहे, व्हॅलिडिटी (जात पडताळणी) समितीकडं अडकली आहे. पाच एकर रान आहे, हळद आणि सोयाबीन. पप्पा म्हणतात दोन एकर विकू, पण मॅनेजमेंटमधून घेऊ. नांदेडचा एक एजंट परदेशाचं सांगतो. आई म्हणते, आयुर्वेदाला जा अन् मोकळी हो. मामा म्हणतात, आणखी एक वर्ष बस. मला काहीच सुचत नाही. घरी गाय अडली होती तेव्हा मी रात्रभर जनावरांच्या डॉक्टरांच्या हाताखाली उभी होते, त्या रात्री तेवढं नीटचं काही आठवलं नाही. फॉर्म कधी भरू, कुठं भरू, ते सांगा.

उत्तर :

लेकरा, आधी पप्पांना सांग की रानाचा सौदा थांबवा. इसार घेतला असेल तर परत करा. निदान कॅपच्या, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशाच्या, फेऱ्या होईपर्यंत सातबाऱ्याला हात लावू नका. का, ते पुढं सांगते.

तू पत्रात दोन्ही वर्षांचे विषयवार गुण लिहिलेस, हे फार बरं केलंस. बहुतेक मुलं नुसता एकूण आकडा कळवतात आणि त्यावरून काहीच सांगता येत नाही. तुझे 41 गुण वाढले. त्यातले 28 जीवशास्त्राचे, 11 रसायनाचे आणि 2 भौतिकशास्त्राचे. एक अख्खं वर्ष, लातूरची खोली, मेस, क्लासची फी, पहाटेची उठबस, आणि भौतिकशास्त्र 65 वरून 67 वर. मामा म्हणतात तसं आणखी एक वर्ष बसायचं की नाही, याचं उत्तर या दोन गुणांत आहे.

आता एक काम कर. तुझी ओएमआर उत्तरपत्रिका आणि अंतिम उत्तरसूची शेजारी शेजारी ठेव, लाल पेन घे आणि भौतिकशास्त्राचे 45 प्रश्न एकेक करून बघ. 67 गुण म्हणजे, समजा, 22 बरोबर, 21 चूक आणि 2 कोरे. बरोबरचे 88 झाले आणि चुकांनी 21 परत नेले. जितक्या चुका निघतील तितक्यांच्या पुढं खरं काय ते लिही. सूत्र माहीत होतं पण आकडेमोडीत घसरले, की वेळ संपत आली म्हणून गोळा भरला, की प्रश्न काय विचारतोय हेच कळलं नव्हतं? पहिल्या दोन प्रकारच्या चुका सरावानं कमी होतात. तिसऱ्या प्रकारच्या निम्म्याहून जास्त निघाल्या, तर त्या अकरावीपासून राहिलेल्या आहेत, आणि तीच बॅच, त्याच नोट्स, त्याच टेस्ट सिरीजनं त्या तिसऱ्या वर्षीही जाणार नाहीत.

हे मी इतक्या ठामपणे सांगते, कारण माझ्या हातून चूक झालेली आहे. मी तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं. एका मुलीला मी स्वतः सांगितलं होतं, "तिसऱ्यांदा बस, तुझं होणार." माझ्या विषयात तिला तोड नव्हती. वहीतली हृदयाची आकृती इतकी स्वच्छ, की मी ती दुसऱ्या तुकड्यांना दाखवायला न्यायची. माझ्या विषयात ती हुशार होती म्हणून मला ती सगळ्याच विषयांत हुशार दिसली. तिचे भौतिकशास्त्राचे गुण मी कधी मागितलेच नाहीत. तिसऱ्या वर्षी तिचे गुण होते तिथंच राहिले. दुसऱ्या वर्षी तिच्या हातात नांदेडच्या सरकारी आयुर्वेदाची जागा होती, ती मी सोडायला लावली होती. ऑगस्टमध्ये ती कॉलेजात टीसी न्यायला आली, तेव्हा माझ्याशी नीट बोलली, पाया पडली, आणि मला तिच्याकडं बघवेना. तेव्हापासून कुठलंही लेकरू आलं की मी आधी भौतिकशास्त्राचे गुण विचारते.

मामांच्या म्हणण्याला तू लगेच हो किंवा नाही म्हणू नकोस. निकाल आणि कॅपची पहिली फेरी यांच्यामध्ये बहुधा पाच-सहा आठवडे मिळतात. त्या दिवसांत तुला सगळ्यात जास्त धडकी भरवणारे दोन धडे निवड. बहुतेकांचा एक रोटेशनल मोशन असतो, दुसरा तुझा तू ठरव. क्लास नको, व्हिडिओ नकोत. एनसीईआरटी, कोरी वही आणि मागच्या दहा वर्षांचे प्रश्न एवढंच. पाचव्या आठवड्यात त्या दोन धड्यांचे प्रश्न तू न अडखळता सोडवू लागलीस, तर तिसऱ्या प्रयत्नाला अर्थ आहे असं मी म्हणेन. नाही झालं, तर पसंतीक्रम लॉक करायच्या आधीच तुला उत्तर मिळालेलं असेल, एक वर्ष घालवून नाही. नीट किती वेळा द्यावी याला बंधन नाही, वरची वयोमर्यादाही 2022 पासून उठली आहे. तेव्हा "ही शेवटची संधी" असं घरात कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. संधी संपत नाही. वय, पैसा आणि उमेद मात्र खर्च होत जाते, आणि त्याचा हिशेब ज्याचा त्यालाच करावा लागतो.

आणखी एक, गुणांवरून कट-ऑफ ताडू नकोस. 2024 ला पहिल्या निकालात 67 मुलांना 720 पैकी 720 होते. 2025 ला देशात पहिल्या आलेल्याला 686. पेपर बदलला की गुणांची किंमत बदलते. म्हणून मैत्रिणीच्या ताईला 412 वर कुठं लागलं होतं, हे विचारून उपयोग नाही. सीईटी सेलची (राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाची) राज्य गुणवत्ता यादी लागली की तुझा क्रमांक घे आणि गेल्या वर्षीच्या शेवटच्या फेरीच्या याद्यांत त्या क्रमांकाला, तुझ्या प्रवर्गात, कुठं काय मिळालं ते बघ. पहिल्या फेरीची यादी बघून घाबरू नकोस, ती पुढं बरीच खाली सरकते. सरकारी कॉलेजांत मुलींसाठी 30 टक्के समांतर आरक्षण आहे, तो रकानाही तपास.

आता कुठं भरायचं ते. मी नोकरीला लागले तेव्हा मराठवाड्यात सरकारी मेडिकल म्हणजे संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई आणि नांदेड. लातूरचं 2002 ला आलं. धाराशिवचं 2022 ला, परभणीचं 2023 ला, आणि 2024 ला जालना आणि तुझं हिंगोली. त्यावर 70:30 चा नियम होता, म्हणजे 70 टक्के जागा आपापल्या विभागातल्या मुलांना. विभागात कॉलेजंच मोजकी, म्हणून आपल्या मुलांच्या वाट्याला जागाही मोजक्याच यायच्या. पुण्या-मुंबईकडं कमी गुणांवर लागायचं आणि आपल्याकडचं लेकरू जास्त गुण घेऊन घरी बसायचं. ते मी वर्षानुवर्षं डोळ्यांनी बघितलं आहे. 2020 च्या सप्टेंबरात तो नियम गेला. आता अख्ख्या महाराष्ट्राची यादी तुझी आहे. तरीही आपल्याकडची मुलं पसंतीक्रम भरताना नांदेड, लातूर, संभाजीनगर लिहून थांबतात. फार तर अंबाजोगाई. मी एकदा एका मुलीशेजारी नेट कॅफेत बसले होते. तिनं चार नावं टाकली आणि लॉकच्या बटणावर बोट ठेवलं. मी तिचा हात धरला. "गडचिरोली, नंदुरबार का नाही टाकत?" तर म्हणाली, "सगळ्यांना दिसलं ना, की मला लांबचं मिळालं."

पसंतीक्रम लोकांना दाखवायला नसतो. यंत्र तुझ्या गुणवत्ता क्रमांकावर वरून एकेक नाव बघत येतं आणि जिथं जागा असेल तिथं थांबतं. खाली आणखी वीस नावं लिहिली म्हणून वरचं नाव हातचं जात नाही. म्हणून जिथं मिळालं तर खरंच जाशील अशी सगळी नावं, खरोखर हव्या त्या क्रमानं लिही. मिळालं तरी जाणार नाहीस असं एकही लिहू नकोस, कारण मिळालेली जागा नाकारल्यावर पुढच्या फेरीत बसू देतात की नाही, अनामत परत मिळते की नाही, हे फेरीनुसार बदलतं. त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतलं तेवढं पान छापून घे आणि पप्पांना वाचून दाखव. नोंदणीही एकाच ठिकाणी होत नाही. राज्याच्या 85 टक्के जागा सीईटी सेलकडं, सरकारी कॉलेजांतला 15 टक्के अखिल भारतीय कोटा आणि डीम्ड (अभिमत) विद्यापीठं दिल्लीच्या एमसीसीकडं (वैद्यकीय समुपदेशन समितीकडं), आणि पशुवैद्यकीय मॅफ्सूकडं, म्हणजे राज्याच्या पशुविज्ञान विद्यापीठाकडं, वेगळं. तारखा एकमेकींवर येतात. कॅलेंडरच्या पाठीमागं तीन रकाने आखून भिंतीला लाव.

पैशाचं बघू. खासगी कॉलेजात 15 टक्के जागा संस्थेच्या कोट्याच्या असतात. तुझे पप्पा ज्याला मॅनेजमेंट म्हणतात, ते हेच. तिथली फी साध्या जागेच्या कित्येक पट असते. डीम्डमध्ये तर कित्येक ठिकाणी वर्षाला वीस लाखांच्या घरात किंवा वर, आणि अशी साडेचार वर्षं. दोन एकरांत ते भागणार नाही. दुसऱ्या वर्षी आणखी दोन एकर लागतील, आणि तेव्हा तू अर्ध्यात असशील, मागं फिरता येणार नाही. याच्या उलट, त्याच खासगी कॉलेजात कॅपमधून तुझा नंबर लागला, तर? जुलै 2024 पासून राज्यात ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, घरचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट एकच मोठी आहे, प्रवेश कॅपमधूनच झालेला हवा. संस्थेच्या कोट्याला आणि खासगी डीम्डला ही सवलत नाही. वसतिगृह, मेस आणि बाकीचे आकार यात येत नाहीत, ते धरून चाल. पण म्हणजे त्याच इमारतीतल्या दोन बाकांपैकी एकासाठी रान विकावं लागेल आणि दुसऱ्यासाठी महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर, अर्ज करावा लागेल. तू काठावर आहेस. म्हणून शेवटच्या फेरीपर्यंत, अगदी रिकाम्या जागांच्या फेरीपर्यंत थांबायचं, आणि त्याआधी कुणालाही एक रुपया द्यायचा नाही.

आणि याच कारणासाठी व्हॅलिडिटी. प्रवर्ग टिकला तरच हे सगळं आहे. व्हॅलिडिटी नसेल तर तुझं नाव खुल्या यादीत जाईल आणि तुझा काठ आणखी लांब जाईल. कधी मुदतवाढ मिळते, कधी नाही, तिच्या भरवशावर बसू नकोस. अर्जाची पावती घेऊन पप्पांना हिंगोलीच्या पडताळणी समितीच्या कार्यालयात पाठव, याच आठवड्यात. फोनवर "प्रोसेसमध्ये आहे" एवढंच ऐकायला मिळतं. समोर उभं राहून विचारलं की नेमका कुठला कागद कमी आहे ते कळतं. बऱ्याच वेळा आजोबांच्या शाळेच्या निर्गम उताऱ्यावर अडलेलं असतं, आणि तो जुना उतारा काढायला शाळेत चार चकरा होतात. नॉन-क्रीमी लेयरची तारीखही बघ. प्रवेशाच्या वर्षात ती 31 मार्चला संपलेली असेल तर सेतूत नव्यानं अर्ज कर. उत्पन्नाचा दाखला आणि डोमिसाइल सोबतच काढून ठेव.

परदेशाचं एजंट काय सांगतो, ते तू लिहिलं नाहीस. तो काय सांगत नाही, ते मी सांगते. 2021 च्या नियमांनुसार तिथला अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा, इंग्रजीतून आणि एकाच संस्थेत झालेला हवा. त्याच संस्थेत 12 महिन्यांची इंटर्नशिप हवी, त्या देशात डॉक्टरी करायचा परवाना मिळण्याची पात्रता हवी, आणि इकडं आल्यावर पुन्हा एक परीक्षा आणि पुन्हा 12 महिन्यांची इंटर्नशिप. त्या परीक्षेत बहुतेक वेळा निम्म्याहून कमी मुलं पास होतात. काही मुलं जातात, नेटानं शिकतात आणि चांगले डॉक्टर होऊन येतात, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण एजंटच्या तोंडून ऐकून, रान विकून, पहिल्यांदाच घर सोडणाऱ्या लेकराला मी तिकडं पाठवणार नाही.

आईचं "आयुर्वेदाला जा अन् मोकळी हो" हे मात्र मला पटलं नाही. आयुर्वेद हलका म्हणून नव्हे. नांदेड आणि धाराशिवला सरकारी आयुर्वेद महाविद्यालयं आहेत, साडेचार वर्षं आणि वर एक वर्षाची इंटर्नशिप. आपल्या कित्येक गावांत रात्री दार वाजवल्यावर उठणारा डॉक्टर बीएएमएसच असतो. पण मोकळं व्हायला म्हणून तिथं जाऊ नये. संस्कृत, संहिता, द्रव्यगुण हे सगळं मनापासून शिकावं लागतं. नांदेडच्या कॉलेजात शिकणारी तुमच्या गावाकडची एखादी मुलगी शोध, तिच्यासोबत एक दिवस काढ, ओपीडीत जाऊन बस. परत येताना जीव रमला असं वाटलं तर आयुर्वेदाच्या फेऱ्यांत मनापासून भर. त्या बहुधा एमबीबीएसच्या फेऱ्यांच्या मागून सुरू होतात. डेंटलबद्दल तू काही विचारलं नाहीस, म्हणून मीही लांबवत नाही. संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालय आहे, एवढं लक्षात असू दे.

आता गायीचं. पत्रात ते वाक्य शेवटी, जाता जाता आलं आहे. बाकी सगळ्या ओळींत पप्पा म्हणतात, आई म्हणते, मामा म्हणतात, सर म्हणतात. तू स्वतः कुठं उभी होतीस, हे फक्त त्या एका ओळीत आहे. म्हणून विचारते, पशुवैद्यकीयचं नाव घरात कुणी काढलं का? आपल्याकडं परभणीला 1972 पासून कॉलेज आहे आणि उदगीरला दुसरं. दोन्ही सरकारी. नीटच्याच गुणांवर प्रवेश होतो, साडेपाच वर्षं इंटर्नशिप धरून. वसमतहून परभणी किती लांब, ते तुला मी सांगायला नको. पुढं सरकारी दवाखान्यात पशुधन विकास अधिकाऱ्याची जागा आहे, दूधसंघ आहेत, पदव्युत्तर शिक्षण आहे, आणि स्वतःची प्रॅक्टिस तर आहेच. घरची माणसं म्हणतील, "पोरीची जात, रात्रीबेरात्री गोठ्यात कुठं जाणार?" त्यांना विचार, त्या रात्री गोठ्यात कोण होतं?

ते माझं मत झालं, निर्णय तुझा. त्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन कर आणि दोन दिवस त्यांच्यासोबत फिरू द्या म्हण. गाय अडल्याची ती रात्र रोजची नसते. लसीकरण, खूर कापणं, शेण तपासणं, पावसात मोटारसायकल ढकलणं, हे रोजचं. ते बघून आल्यावरही मन तिकडंच ओढत असेल, तर मॅफ्सूचा फॉर्म पर्याय म्हणून नाही, पहिला म्हणून भर. सरांनाही तसंच सांग.

तुझ्या जागी माझी मुलगी असती तर मी क्रम असा लावला असता. एमबीबीएससाठी महाराष्ट्रभर, फक्त कॅपमधून, शेवटच्या फेरीपर्यंत. सोबत परभणी आणि उदगीर. ओपीडीत जीव रमला असेल तरच नांदेड आणि धाराशिवचा आयुर्वेद. यातलं काहीच लागलं नाही आणि दोन धड्यांची परीक्षा तू पार केलेली असेल, तरच तिसरं वर्ष, आणि तेही आधी भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एखाद्या जुन्या शिक्षकाकडं, मग बॅच. पशुवैद्यकीय आणि एमबीबीएस दोन्ही एकदम हातात आलं तर काय, ते मी सांगणार नाही. तेव्हा तुला पप्पांसोबत बसावं लागेल, आणि या वेळी आधी तू बोलायचं.

समितीच्या कार्यालयात सोमवारी गेलात तर सकाळी जा. पावतीची झेरॉक्स, आजोबांच्या उताऱ्याची सत्यप्रत आणि तुझं नीटचं स्कोअरकार्ड सोबत असू दे. प्रवेशाची तारीख जवळ आहे हे कागदावर दाखवलं तर फाईल वर घ्यायला सांगता येतं.